पत्रात राजकारण लिहायचं नाही!

लग्नाच्या बायोडाट्यात 'छंद' नावाचा एक रकाना असतो, आठवतोय ना? वाचन, भरतकाम, संगीत ऐकणे असं काहीतरी आपण सगळ्यांनीच त्यात भरलेलं असतं. लग्न ठरलं की तो कागद कपाटाच्या तळाशी जातो आणि छंदही त्याच्याबरोबर जातो. मग कधी कुणी विचारलंच, "तुला आवड कशाची गं?" तर पटकन उत्तर सुचत नाही. स्वयंपाक म्हणावं तर तो रोजचाच!

हे सगळं डोक्यात घोळत होतं ते नेहरू घराण्याची खासगी पत्रं वाचताना. या घराबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत असतं, कुणाचं चांगलं, कुणाचं वाईट. ते सध्या बाजूला ठेवू. सोनिया गांधींनी संपादित केलेले जवाहरलाल आणि इंदिरा यांच्या पत्रांचे दोन खंड आहेत. त्यातला एक १९२२ ते १९३९ चा आणि दुसरा १९४० ते १९६४ चा. नेहरूंच्या दोन्ही बहिणींना आलेल्या पत्रांचीही पुस्तकं निघाली आहेत. एवढ्या मोठ्या घराची पत्रं म्हणजे त्यात खलबतं असणार, असं वाटून आपण पुस्तक उघडतो. आणि आत काय सापडतं, तर फुलं, पक्षी, डोंगर, पुस्तकांच्या याद्या, सूतकताई, बाळाचं नाव काय ठेवायचं!

याचं एक साधं कारण आहे. नेहरूंनी आयुष्यातली जवळजवळ नऊ वर्षं तुरुंगात काढली. तुरुंगातून जाणारं पत्र आधी अधिकारी वाचायचे. किती पत्रं लिहायची, कुणाला लिहायची, याला नियम होते. राजकारणाचा शब्द आला की तो खोडला जायचा किंवा पत्रच अडवलं जायचं. मग एका बापाने लेकीला लिहायचं तरी काय? जे साहेबाच्या कात्रीतून सुटेल तेवढंच. म्हणून ही पत्रं छंदांनी भरलेली आहेत. शिवाय दोघांनाही मनातलं सरळ बोलायची सवय कमीच. मग काळजी, एकटेपण, माया हे सगळं फुलापाखरांच्या आडून यायचं. आपल्याकडेही नाही का, "तब्येत कशी आहे" असं न विचारता आई फोनवर "जेवलीस का" एवढंच विचारते?

मुळात या घरात पत्रातून आवडीनिवडी सांगायची पद्धत आजोबांपासूनची. जवाहरलाल इंग्लंडला हॅरोच्या शाळेत होते, तेव्हा विमानं नुकतीच कुठे उडायला लागली होती. या मुलाला विमानांचं वेड लागलं. त्याने अलाहाबादला वडिलांना, म्हणजे मोतीलालजींना, लिहून टाकलं की लवकरच मी शनिवार-रविवारची सुट्टी काढून विमानाने घरी येऊन जाईन! त्या काळी बोटीने यायला आठवडे लागत. मोतीलालजी हसले असतील की गहिवरले असतील, कोण जाणे. पण घरची ओढ मुलाने विमानाच्या गप्पांत बसवून पाठवली होती, एवढं खरं.

हाच मुलगा पुढे बाप झाला. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि वडील खाली अलाहाबादला. त्यांनी तिला पृथ्वी कशी जन्मली, दगड कसे बोलतात, यावर पत्रं लिहिली. नदीतला एखादा गुळगुळीत गोटा उचल आणि तो असा गोल कसा झाला ते विचार त्याला, असा त्यांचा सूर. ही पत्रं १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्यांचा हिंदी अनुवाद केला तो खुद्द प्रेमचंदांनी. पुढे १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून जगाच्या इतिहासावर १९६ पत्रं झाली. लेकीला वाढदिवसाला भेट काय पाठवणार, तर पत्र. हातात दुसरं काही नव्हतंच.

आता खरं सांगू का? ती पत्रं थोर आहेत, पण खासगी खंड वाचताना मला कधी कधी इंदिरेची दयाच आली. हे वाच, ते वाच, वाचून काय वाटलं ते कळव! एक पुस्तक संपत नाही तो दुसऱ्याचं नाव हजर. आणि ती मात्र पत्रं लिहायला कंटाळा करायची. लेक लिहीत नाही, लिहिते तेही चार ओळी, अशी वडिलांची कुरकुर वर्षानुवर्षं चालू आहे. होस्टेलला मुलगी ठेवलेल्या प्रत्येक घरातली ही तक्रार तिथे वाचून बरं वाटतं.

या मुलीचं बालपण कसं गेलं, तेही लक्षात घ्यायला हवं. आई कमलाबाई सतत आजारी आणि वडील सतत आत. १९३१ पासून तीन वर्षं इंदिरा आपल्या पुण्यात होती, वकील दांपत्याच्या शाळेत. तिच्या आत्याच्या, विजयालक्ष्मीबाईंच्या, मुलीही तिथेच शिकल्या. नंतर १९३४ मध्ये ती शांतिनिकेतनला गेली आणि तिथे मणिपुरी नृत्य शिकू लागली. अबोल, लाजऱ्या मुलीला पहिल्यांदाच स्वतःचं असं काही गवसलं होतं. पण वर्षही पुरं झालं नाही. १९३५ च्या वसंतात आईला उपचारासाठी युरोपात न्यायचं ठरलं. वडील तुरुंगात, तेव्हा सोबत कोण जाणार? लेकच. शांतिनिकेतन सुटलं, नाचही सुटला. २८ फेब्रुवारी १९३६ ला लोझानला कमलाबाई गेल्या. घरात आजारपण आलं की पहिल्यांदा मुलीचा क्लास बंद होतो, हे आनंदभवनातही चुकलं नाही.

डोंगरांचं वेड मात्र बापलेकीत कायम राहिलं. कमलाबाईंच्याच उपचारासाठी १९२६-२७ मध्ये सगळे स्वित्झर्लंडला होते, तेव्हा नेहरूंना बर्फावर स्कीइंग करायची चटक लागली होती. असंख्य वेळा पडले, पण सोडलं नाही. लेकीने पुढे १९४० मधले बरेच महिने स्वित्झर्लंडच्याच लेझाँमध्ये आरोग्यधामात काढले. छातीचा विकार, सक्तीची विश्रांती, समोर बर्फाची शिखरं आणि हातात पुस्तकं. इकडे वडील पुन्हा तुरुंगाच्या वाटेवर. १९४२ मध्ये लग्नानंतर इंदिरा आणि फिरोज काश्मीरला गेले, तेव्हा त्यांनी तिथून वडिलांना तार केली की इथली थंड हवा तुम्हाला पाठवता आली असती तर किती बरं झालं असतं. वडिलांची उलट तार आली, आभारी आहे, पण तुमच्याकडे आंबे कुठे आहेत!

त्या लग्नातली साडीही याच पत्रांच्या जगातली. २६ मार्च १९४२ ला इंदिरेने नेसलेली फिकट गुलाबी खादीची साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. सूतकताईला आपण छंद म्हणायचं की व्रत, यावर वाद घालता येईल. पण तासन्‌तास टकळी-चरख्यावर बसून, तुटलेला धागा पुन्हा पुन्हा जोडत बापाने लेकीच्या लग्नाची साडी तयार करावी, यातलं कौतुक बाईमाणसाला वेगळं सांगायला नको. तीच साडी १९६८ मध्ये सोनियांनी आणि १९९७ मध्ये प्रियांकाने नेसली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक दिली गेली आणि ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत धरपकड झाली. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, पंडित पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशा बारा जणांना गुपचूप अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. (शहराचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे.) नेहरू तिथे मार्च १९४५ पर्यंत होते. घरच्यांना सुरुवातीला पत्ताच नव्हता. नंतर पत्रं सुरू झाली, तीही फक्त नातेवाइकांना आणि घरगुती मजकुराची.

तिथे या मंडळींनी काय केलं असेल? बाग! नगरची ती खडकाळ जमीन, वर विटा-चुन्याचा राडारोडा. नेहरू उन्हात तासन्‌तास खणत बसत. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत, मग चांदबिबीची आठवण निघे. ज्या बाईने हा किल्ला लढवला, तिच्याच मातीत आपण फुलझाडं लावतोय, असं त्यांच्या मनात येई. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे जाडजूड पुस्तक तिथेच, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहून झालं. पण त्याची सुरुवात वाचा, त्यातही ही फावड्याने खणायची गोष्ट आहेच.

बाजूच्याच खोलीत मौलाना आझाद होते. त्यांचे छंद आणखी निराळे. पहाटे तीन-चारला उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करायचा, दूध अजिबात नाही, आणि घोट घोट घेत मित्राला पत्र लिहायचं. ती पत्रं पाठवता येणार नव्हती, तरी लिहायची. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडण, मग दोस्ती कशी झाली, हे त्यांनी इतकं रंगवून लिहिलंय की वाटावं शेजारची आजी गोष्ट सांगतेय. तरुणपणी ते सतार शिकले होते, हेही त्या पत्रांतूनच कळतं. आणि मग मध्येच एक पत्र येतं. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम कलकत्त्यात गेल्या. मौलानांना शेवटची भेट मिळाली नाही. 'गुबार-ए-खातिर' नावाने ही पत्रं १९४६ मध्ये छापली गेली. चहा आणि चिमण्यांची पानं पुन्हा उघडली, की त्यांच्या मागे आता ती रिकामी जागा दिसत राहते.

नेहरूंना प्राण्यापक्ष्यांचा नाद आधीपासूनच. देहरादूनच्या कोठडीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. एक चावली तसं यांनी रागाने युद्ध पुकारलं. पण त्या आपल्या घरासाठी अशा लढल्या की यांनीच माघार घेतली आणि पुढे वर्षभर सगळे एकाच खोलीत सुखाने नांदले! लखनौच्या तुरुंगात खारी त्यांच्या पायावर चढून बसत. लेकीलाही त्यांनी तुरुंगातून सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक पाठवलं होतं. मुंबईच्या सलीम अलींचं ते पुस्तक १९४१ मध्ये निघालेलं, म्हणजे तेव्हा अगदी ताजं.

आणि नेमकी सप्टेंबर १९४२ मध्ये इंदिराही पकडली गेली. अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात आत्या विजयालक्ष्मी, आत्याची अठरा वर्षांची लेक चंद्रलेखा आणि इंदिरा एकाच बराकीत. आत्याने तिथे ठेवलेली रोजनिशी नंतर प्रसिद्ध झाली. मुलींनी काय करावं? बराकीच्या कोपऱ्यांना नावं ठेवली. इंदिरेच्या कोपऱ्याचं नाव 'चिंबोराझो', दक्षिण अमेरिकेतल्या पर्वतावरून. लेखाचा कोपरा 'बियाँ व्हेन्यू', म्हणजे सुस्वागतम्. आत्याच्या वाट्याला समोर नुसती भिंत, म्हणून तो 'वॉल व्ह्यू'. मध्ये एक जुनी निळी सतरंजी होती, तिचा झाला 'ब्लू ड्रॉइंग रूम'. संध्याकाळी तिथे बसून तिघी नाटकं वाचत, प्रत्येकीने वेगवेगळं पात्र घेऊन. भातुकलीच की ही! पण ज्या बाईचा नवरा आणि भाऊ दोघेही आत आहेत आणि धाकट्या मुली बाहेर, तिला या भातुकलीनेच दिवस काढायला मदत केली.

त्या उंच भिंतींआडून पक्षी दिसत नसत, फक्त आवाज यायचा. इंदिरेने आवाज मनात टिपून ठेवले आणि सुटल्यावर सलीम अलींच्या पुस्तकावरून ओळख पटवली, असं तिनेच पुढे लिहिलंय. १९५० मध्ये दिल्लीत पक्षीनिरीक्षकांची संस्था निघाली, तिच्या संस्थापक सदस्यांत इंदिरा होत्या. पंतप्रधान झाल्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प त्यांच्याच काळात आला.

आता मला ज्या माणसाबद्दल सांगायचंय त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. विजयालक्ष्मीबाईंचे यजमान रणजित सीताराम पंडित. मूळचं कोकणातलं सारस्वत घराणं, राजकोटला स्थायिक झालेलं, म्हणजे आपलाच मराठी माणूस! बॅरिस्टर, संस्कृतचे पंडित, अनेक भाषा येणारे. नैनीच्या तुरुंगात मेहुण्यांबरोबर होते, तेव्हा यांनी त्या रुक्ष अंगणात फुलांचे ताटवे केले आणि एवढ्याशा जागेत चिमुकलं गोल्फचं मैदानही आखलं. नेहरूंनी हे मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलंय. काश्मीरच्या इतिहासाचा संस्कृत ग्रंथ 'राजतरंगिणी' रणजितरावांनी इंग्रजीत आणला, तो १९३५ मध्ये निघाला. त्याची प्रस्तावना नेहरूंनी देहरादूनच्या तुरुंगातून लिहिली. 'मुद्राराक्षस', 'ऋतुसंहार' यांचेही अनुवाद त्यांनी केले. अल्मोड्याजवळ खाली नावाच्या ठिकाणी त्यांचं घर होतं, तिथे फळझाडं, फुलझाडं आणि पुस्तकं. असा नवरा मिळालेल्या विजयालक्ष्मीबाईंना भाग्यवानच म्हणायचं.

पण बरेलीच्या तुरुंगात त्यांची तब्येत ढासळली. सुटका झाली तोवर उशीर झाला होता. १४ जानेवारी १९४४, ऐन संक्रांतीच्या दिवशी, लखनौला ते गेले. दोन मोठ्या मुली अमेरिकेत शिकत होत्या, भाऊ नगरच्या किल्ल्यात. आणि मग या एवढ्या मोठ्या घरच्या बाईसमोर जे आलं, ते आपल्याकडच्या कितीतरी घरांत आलेलं आहे. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुलगा नाही, तीन मुलीच. सासरच्या इस्टेटीवर तुमचा हक्क नाही, असं त्यांना ऐकून घ्यावं लागलं, बँकेतले पैसे अडकले. मोतीलाल नेहरूंची लेक, प्रांताची माजी मंत्री, आणि हाती काही नाही! आत्मचरित्रात त्यांनी हे स्पष्ट लिहिलंय. विधवेला आणि मुलींना मुलाच्या बरोबरीने वारसा देणारा हिंदू वारसा कायदा आला तो १९५६ मध्ये. किल्ल्यातून भाऊ पत्रं पाठवत राहिला. तुरुंगातून आणखी काय करणार होता?

त्याच वर्षी २० ऑगस्टला मुंबईत इंदिरेला मुलगा झाला. किल्ल्यात बातमी पोहोचली आणि आजोबांना नवा उद्योग मिळाला. नाव शोधा! राजीव म्हणजे कमळ, त्यात कमलाआजी आली. रत्न म्हणजे जवाहर, त्यात आजोबा आले. आणि ऐका, पोथीपुराणांपासून लांब राहणाऱ्या या माणसाने मुंबईच्या धाकट्या बहिणीला, कृष्णा हाथीसिंग यांना, लिहिलं की बाळाची पत्रिका जाणकार माणसाकडून नीट करून घ्या. वर बजावलं की वेळ खरी, सूर्याची लिहा. युद्धामुळे सरकारने घड्याळं पुढे सरकवली आहेत, तो तासाचा फरक विसरू नका! भविष्यासाठी नव्हे, जन्मवेळेची कायमची नोंद राहावी म्हणून. आजोबा ते आजोबाच.

स्वातंत्र्यानंतर पत्रं कमी झाली, कारण बापलेक एकाच घरात राहू लागले. तीन मूर्तीच्या त्या घरात हिमालयातले तांबडे पांडा होते, वाघाची पिल्लं होती. पाहुणे, मेजवान्या, दौरे यांची सगळी व्यवस्था इंदिरा बघत. आता त्यांची मनमोकळी पत्रं जात ती डोरोथी नॉर्मन या अमेरिकन मैत्रिणीला. पुस्तकं, चित्रं, नाटकं, मुलांची आजारपणं आणि सारखी एकच कुरकुर, स्वतःसाठी वेळ नाही. ऑक्टोबर १९६३ मध्ये तर त्यांनी लिहिलं की मला आता एकांत हवाय, कुणी ओळखणार नाही असं जगायचंय. देशाचं, घराचं माझ्या वाट्याचं करून झालं. लंडनमध्ये एखादं छोटंसं घर घ्यावं, असा विचार त्यांनी मांडला होता.

सात महिन्यांनी, २७ मे १९६४ ला, वडील गेले. लालबहादूर शास्त्रींच्या मंत्रिमंडळात त्या मंत्री झाल्या आणि २४ जानेवारी १९६६ ला पंतप्रधान. लंडनचं ते घर राहूनच गेलं. डोरोथीबाईंना पत्रं मात्र जात राहिली, अगदी १९८४ पर्यंत.